वारसा डब्यात चढायचे कोणी?

१/
आगगाडीच्या जुन्या डब्याला रुंद दार बसवावे, व्हीलचेअर आत जाईल एवढी जागा करावी, असे कोणी सुचवले की एक उत्तर हमखास येते: “त्याने मूळ रूप बिघडेल.” हा आक्षेप इतिहासप्रेमातून येतो, म्हणून तो इतिहासाच्याच कसोटीवर घासून पाहू. ती कसोटी फार दूर नाही. नाशिकरोडच्या शेजारचेच स्थानक आहे: देवळाली.

२/
१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली जी.आय.पी. रेल्वे १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचली. पुढे देवळालीला लष्करी छावणी वसली. विलायतेहून येणाऱ्या आणि परत जाणाऱ्या पलटणी मुंबई बंदरापासून घाटमार्गे तेथे येत. जहाजाची वाट पाहत खितपत पडलेल्या गोऱ्या शिपायांमुळे ‘देवळाली’चा अपभ्रंश ‘डूलाली’ इंग्रजीत ‘वेडसर’ या अर्थाने रूढ झाला, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. त्या छावणीची दुसरी गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते.

३/
पहिल्या महायुद्धात देवळालीला मोठी लष्करी रुग्णालये होती. ‘चौतिसावे वेल्श जनरल हॉस्पिटल’ त्यांपैकीच एक. मेसोपोटेमियाच्या आघाडीवरचे जखमी व आजारी सैनिक जहाजाने मुंबईस उतरत आणि तेथून रुग्णगाडीने घाट चढून देवळालीस येत. या रुग्णगाड्या बहुधा साध्या प्रवासी डब्यांचे रूपांतर करूनच सिद्ध केलेल्या असत. आतली बाके निघत आणि तेथे एकावर एक शय्या येत. स्ट्रेचर आत नेता यावे अशी दारे असत, औषधांची आणि मलमपट्टीची खोली असे.

४/
म्हणजे ज्याला स्वतःच्या पायांनी डब्यात चढता येत नाही, त्याच्यासाठी डबा बदलायचा असतो, हे आमच्या रेल्वेला शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होते आणि ते तिने करूनही दाखवले होते. तेव्हा मूळ रूपाची चिंता आड आली नाही, कारण ती गरज राज्यकर्त्यांना आपली वाटत होती. गरज कोणाची, यावर अडचण ‘तांत्रिक’ ठरते की नाही हे अवलंबून असते.

५/
याची उलट बाजूही त्याच रेल्वेने दाखवली आहे. १८७० च्या दशकात जी.आय.पी.ने चौथा वर्ग सुरू केला. त्या डब्यांत बसायला बाकेच नव्हती. गरीब प्रवाशाने उभे राहावे किंवा जमिनीवर बसावे, असा तो हिशेब होता. पुढे बाके आली. डब्याची रचना ही सुतारकामाची बाब दिसते खरी, परंतु कोणाला प्रवासी मानायचे याचा निर्णय त्या आधीच झालेला असतो.

६/
आणि ‘मूळ रूप’ म्हणजे नेमके कोणत्या वर्षीचे? तेलाचे दिवे जाऊन विजेचे आले, ब्रेकची पद्धत बदलली. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या दख्खनच्या राणीला २०२१ मध्ये काचेच्या छताचा डबा जोडला गेला, २०२२ मध्ये सगळी गाडीच नव्या एलएचबी डब्यांची झाली. तरीही ती दख्खनची राणीच राहिली. प्रवाशांच्या सुखासाठी एवढे बदल पचतात. मग आठ-दहा इंच अधिक रुंद दारानेच वारसा का मोडावा?

७/
आणखी एक उदाहरण मुंबईचेच. १६ जुलै १९९१ रोजी मुंबईहून ‘जीवनरेखा एक्सप्रेस’ निघाली. रेल्वेने दिलेल्या डब्यांत शस्त्रक्रियागृह उभारून ही गाडी गावोगाव हिंडली. पोलिओने अधू झालेल्या पायांवर डब्यातच शस्त्रक्रिया झाल्या. आगगाडीच्या डब्यात शस्त्रक्रियेचे टेबल मावते. व्हीलचेअर मावत नाही, असे म्हणताना हे आठवावे.

८/
कायदा काय सांगतो? १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम ४४ मध्येच रेल्वेचे डबे व त्यांतील शौचालये व्हीलचेअरला सोयीची करावीत असे होते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाचे कलम ४१ तर जुन्या वाहनांतही बदल करण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. अर्थात त्याला मर्यादा आहेत: बदल तंत्रदृष्ट्या शक्य, सुरक्षित व परवडणारा असावा आणि मूळ रचनेत मोठी मोडतोड होऊ नये. म्हणजे जुन्या डब्याची काळजी कायद्यानेही घेतली आहे. या मर्यादेत काय करता येते, तेच पाहू.

९/
आधी मापे. ब्रॉडगेजवर उंच फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिमी असतो, डब्याची जमीन साधारण १,३०० मिमी. फरक सुमारे अर्ध्या मीटरचा. १:१२ हा उताराचा प्रमाणित हिशेब धरला, तर सहा मीटर लांबीची उतरंड लागेल. ती डब्यात मावणार नाही. म्हणून पहिला बदल फलाटावर करायचा: एका ठिकाणी फलाटाचा तुकडा उंच करायचा किंवा हाताने चालणारी उचलयंत्रणा ठेवायची. सॅन फ्रान्सिस्कोत १९९५ मध्ये जुन्या ट्रामगाड्यांची ‘एफ’ मार्गिका सुरू झाली, तेव्हा थांब्यांवर असेच उंच चौथरे बांधले गेले. गाड्यांचे रूप जसेच्या तसे राहिले.

१०/
दुसरा उपाय गार्डाच्या डब्याचा. सामान चढवण्यासाठी त्याची दारे मुळातच रुंद असतात. ब्रिटनमधल्या अनेक ऐतिहासिक रेल्वेंनी नेमका हाच डबा व्हीलचेअरसाठी सजवला. बाहेरून डबा तसाच दिसतो, आत मात्र खिडकीशेजारी जागा मिळते. आपल्या नेहमीच्या गाड्यांतही दिव्यांगांचा कक्ष गार्डाच्या डब्यालगत असतोच. फक्त तो कोंदट कोपरा राहू नये. दृश्य पाहायला आलेल्याला दृश्य दिसले पाहिजे.

११/
आता माथेरान. १९०७ ची ही गाडी दोन फुटी, म्हणजे ६१० मिमी रुळांवर धावते. साधी व्हीलचेअर बहुधा त्याहून रुंद असते! तरीही हे अशक्य नाही. वेल्समधली फेस्टिनियॉग रेल्वे ५९७ मिमी रुळांवर धावते आणि तिच्या गाड्यांत व्हीलचेअरसाठी जागा आहे. माथेरानला खासगी मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणण्यास सांगितले. अशा गावी आगगाडी केवळ मौजेची नाही, ती गावात शिरण्याची वाट आहे.

१२/
एक आक्षेप खरा आहे. काही डबे इतके दुर्मिळ असतात की त्यांना हात लावू नये. न्यू ऑर्लिन्सने १९२३-२४ च्या हिरव्या ट्रामगाड्या सेंट चार्ल्स मार्गावर तशाच ठेवल्या आणि कॅनॉल स्ट्रीटसाठी त्याच घडणीच्या, पण व्हीलचेअर उचलणारी यंत्रणा असलेल्या लाल गाड्या नव्या बांधल्या. मात्र यातली उणीवही लक्षात घ्यावी: खरी जुनी गाडी काहींना वर्ज्यच राहिली. म्हणून माझे मत असे की प्रत्येक वारसा गाडीत किमान एक डबा सुगम हवाच. बदल पुन्हा उलटवता येईल असा करावा, काढलेला प्रत्येक भाग जपावा, त्याची नोंद ठेवावी.

१३/
उभ्या डब्यांना तर सबबच नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या सीएसएमटीत जुन्या डब्याचे उपाहारगृह सुरू झाले. पुढे इतर स्थानकांतही तशी उपाहारगृहे निघाली. जो डबा जागचा हलणारच नाही, त्याच्याभोवती लांब उतार बांधायला जागाही असते आणि वेळही.

१४/
२०२६-२७ चा सिंहस्थ नाशिकमध्ये आहे. स्थानके सजतील, जुनी इंजिने व डबे रंगवून मांडण्याच्या कल्पनाही निघतील. तेव्हा उताराचा खर्च पहिल्याच आराखड्यात धरला जावा, अशी मागणी इतिहासप्रेमींनीच करायला हवी. देवळालीचा इतिहास सांगणाऱ्यांना तो अधिकार आहे.

१५/
वाचकमित्रहो, एक काम सोपवतो. आपल्या गावी प्रदर्शनात किंवा वापरात असलेला जुना डबा असेल, तर छायाचित्राबरोबर दोन मापेही घ्या: दाराची मोकळी रुंदी आणि जमिनीपासून पायरीपर्यंतची उंची. नव्या इमारतींत दार ९०० मिमी मोकळे असावे अशी अपेक्षा असते. आपला डबा त्यात किती कमी पडतो, ते या धाग्याखाली लिहा. मागणी करताना हातात आकडे असलेले बरे.