चूल पेटली नाही म्हणून…

प्रत्येक खानदानात एक ‘कॉम्प्युटरवाला’ नेमलेला असतो. त्याचं शिक्षण काय, तो नोकरी कसली करतो, याचा या नेमणुकीशी काडीचाही संबंध नसतो. कधीतरी कुणाच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला की झालं, जन्मभराची सनद मिळते. आमच्याकडे ही सनद माझ्याकडे आहे. त्यामुळे संगणक बिघडल्याचे फोन मलाच येतात आणि त्यातले बरेचसे एकाच चालीवरचे असतात.

“अरे, काल रात्री त्यानं काहीतरी विचारलं. मी हो म्हटलं. सकाळपासून नुसता काळा पडदा दिसतोय!”

यातला ‘तो’ म्हणजे संगणक. त्यानं विचारलेलं असतं, नवी आवृत्ती आली आहे, चढवू का? आणि आपण ‘हो’ म्हटलेलं असतं, कारण ‘नाही’ म्हणायचं बटणच तिथे नसतं. असतं ते ‘नंतर आठवण करा’, म्हणजे उद्या पुन्हा छळा.

२०२५ मध्ये हे फोन जरा वाढलेच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला आणि ज्यांचं यंत्र गुण्यागोविंदाने चाललं होतं त्यांनाही ‘आता बदला’ अशा सूचना येऊ लागल्या. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. घरच्यांनी हे सक्तीचं वाचन समजावं. बाकीच्यांनी आपापल्या घरच्यांना वाचून दाखवावं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: संगणक सुरू न होणं आणि संगणकातलं सगळं जाणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीवरून दुसरी ओढवते ती बहुतेक वेळा माणसांच्या घाईमुळे.

संगणक सुरू होतो म्हणजे नक्की काय होतं? गावाकडे चूल पेटवताना पाहिली असेल तर हे समजायला सोपं आहे. ओंडक्याला थेट काडी लावून तो पेटत नाही. काडीने कागद किंवा चिपाड पेटतं, त्यावर काटक्या धरतात आणि मग लाकूड. संगणकाचंही तसंच. बटण दाबलं की आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटासा प्रोग्रॅम जागा होतो (जुन्या यंत्रात बायोस, नव्यात यूईएफआय). तो डिस्कच्या एका लहानशा कप्प्यात ठेवलेला बूटलोडर शोधतो. बूटलोडर कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, मेमरीत आणतो. कर्नल एकेका ड्रायव्हरला उठवतो. मग कुठे पासवर्ड विचारणारा पडदा येतो. ‘बूट’ हा शब्दसुद्धा ‘बूटस्ट्रॅप’वरून आलाय. आपल्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलायचं, असा तो अशक्य खटाटोप!

नवी आवृत्ती चढवताना नेमका याच साखळीला हात लागतो. बूटलोडर बदलतो, कर्नल बदलतो, ड्रायव्हर बदलतात. एक जरी काटकी ओली निघाली तरी पुढचं सगळं थंड. पण तुमचे फोटो, पत्रं, हिशेब हे या साखळीत नसतातच. ते बाजूला फळीवरच्या डब्यात ठेवलेल्या तांदळासारखे असतात. चूल पेटली नाही म्हणून कुणी तांदळाचा डबा उकिरड्यावर रिकामा करत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण अगदी हेच करतो आणि त्याला ‘फॉर्मॅट मारणं’ म्हणतो.

माझ्या एका आत्याकडे हे झालं. काका शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर दोन बोटांनी टाइप करत त्यांनी आपल्या नोकरीच्या आठवणी लिहून काढल्या होत्या. गावोगावच्या बदल्या, गळक्या वर्गखोल्या, पुढे नाव काढलेले आणि न काढलेले विद्यार्थी. काका गेल्यावर तो संगणक नातीच्या अभ्यासाला आला. एका रात्री त्यावर नवी आवृत्ती चढली आणि सकाळी यंत्र उठेना. मला कळण्याआधीच तो जवळच्या दुकानात पोचला होता. दुकानातल्या मुलाने रीतसर विचारलंही होतं, “मावशी, आतला डेटा पाहिजे का?” आत्या म्हणाली, “नाही रे बाबा, आमचा कसला आलाय डेटा!” संध्याकाळी संगणक चकाचक होऊन घरी आला. काकांच्या लिखाणापैकी सतरा पानं तेवढी उरली, कुणाला तरी वाचायला म्हणून त्यांनी छापून दिलेली.

यात तो मुलगा खोटं बोलला नाही आणि आत्याही नाही. घोटाळा शब्दाचा आहे. डेटा कुणाच्याच घरी नसतो. घरी असतात लग्नाचे फोटो, नातवाचे बोबडे बोल, काकांच्या आठवणी. “डेटा पाहिजे का?” याऐवजी “फोटो आहेत का? कुणाचं लिखाण आहे का?” एवढं विचारलं असतं तर आत्याने दुकानात बैठकच मारली असती.

दुकानदाराचं गणितही समजून घेतलं पाहिजे. साखळीतली नेमकी कुठली काटकी ओली आहे हे शोधायला दहा मिनिटंही लागतात आणि दोन दिवसही. सगळं पुसून नव्याने बसवायला मात्र ठरावीक वेळ लागतो, ठरावीक पैसे मिळतात. रांगेत चार यंत्रं उभी असताना तो दुसराच रस्ता घेणार. म्हणून त्याला रस्ता आपण सांगायचा.

आता कुणी म्हणेल, हे सगळं अडाणी वापरामुळे होतं. मुळीच नाही. मोठमोठ्यांचं झालंय. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या दोषांवरचा विंडोजचा उपाय एएमडी प्रोसेसरच्या काही जुन्या संगणकांवर चढला आणि ते सुरूच होईनात. मायक्रोसॉफ्टला त्या यंत्रांसाठी तो थांबवावा लागला. जुलै २०२० मध्ये बूटलोडरमधलं ‘बूटहोल’ नावाचं छिद्र बुजवण्यासाठी रेड हॅटने दुरुस्ती दिली आणि काही सर्व्हर त्या दुरुस्तीनेच आडवे झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात मॅकची बिग सर ही आवृत्ती आली आणि २०१३-१४ च्या काही मॅकबुक प्रोंवर काळा पडदा आला. म्हणजे विंडोज, लिनक्स, मॅक, सगळे एका माळेचे मणी. ‘आमच्यात असलं काही होत नाही’ असं सांगणाऱ्या भक्तांनी कृपया नोंद घ्यावी :)

आणि १९ जुलै २०२४ तर कुणी विसरणार नाही. ती ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती नव्हती. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रॅमची एक सदोष फाइल होती. पण तो प्रोग्रॅम कर्नलशीच बांधलेला, त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या दिवशीची एक गोष्ट मात्र फारशी बोलली गेली नाही. उपाय काय होता? यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करायचं आणि ती एक फाइल काढून टाकायची. बस्स. लाखो यंत्रं मेल्यासारखी पडली होती, पण आतलं सगळं जागच्या जागी होतं. तिथल्या माणसांनी घाबरून ‘फॉर्मॅट मारा’ म्हटलं असतं, तर काय अनर्थ झाला असता याची कल्पना करा.

हे झालं आपल्या घाईचं. आता कंपन्यांबद्दल. माझी त्यांच्याकडे एकच मागणी आहे: पुढे नेताय तर परतीची वाटही द्या.

२०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा पटलं नाही तर मागे जायला ३० दिवसांची मुदत होती. २०१६ मध्ये ती १० दिवसांवर आणली. आपल्याकडे संगणक दिवाळीला एकदा आणि निकालाला एकदा उघडणारी घरं आहेत, त्यांनी १० दिवसांत काय पटवून घ्यायचं? त्याच २०१६ मध्ये विंडोज १० ची सूचना देणारी चौकट फुलीवर टिचकी मारून बंद केली, तरी ठरलेली चढाई कायम राहत असे. फुली म्हणजे ‘नको’, हे आपण पहिल्या दिवसापासून शिकलेलो! त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या प्रवासी कंपनीच्या चालक बाई न्यायालयात गेल्या. न मागता चढू लागलेल्या आवृत्तीने कामाचं यंत्र निकामी झालं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना १०,००० डॉलर मिळाले. मायक्रोसॉफ्टने चूक मान्य केली नाही, पण अपील सोडून दिलं.

आणि परतीची वाट बांधता येत नाही असंही नाही. क्रोमबुकमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमच्या दोन प्रती ठेवलेल्या असतात. एक चालू असताना नवी आवृत्ती दुसऱ्या जागी लिहिली जाते. ती उठली नाही, तर यंत्र गुपचूप जुन्या प्रतीवर परत येतं. २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ बरोबर हीच सोय फोनवरही आली. एका चुलीशेजारी दुसरी पेटती चूल ठेवायची, एवढंच. विंडोजही चढाई अर्ध्यात फसली तर स्वतःहून मागे फिरायचा प्रयत्न करतं, हे मान्य. पण तो प्रयत्न फसला की समोर जो इंग्रजी मजकूर आणि आकड्यांचा कोड येतो, तो वाचून आत्याने काय करावं? फोन करावा. कुणाला? मला!

मग नवी आवृत्ती घेऊच नये का? तसं मी म्हणणार नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभरचे संगणक ओलीस धरले, ब्रिटनमधली इस्पितळं अडली. त्या छिद्रावरचा उपाय मार्चमध्येच आलेला होता, ज्यांनी तो चढवला नव्हता ते सापडले. तेव्हा सुरक्षेचे छोटे अपडेट वेळेवर घ्यावेत. आख्खी नवी आवृत्ती मात्र आपल्या सवडीने घ्यावी. दहावीचा अर्ज भरायच्या आदल्या रात्री नको. आली त्या दिवशी तर नकोच. चार-सहा आठवडे थांबावं, तोवर इतरांच्या चुली पेटतात की नाही ते कळतं.

तर घरच्यांसाठी, ‘हो’ म्हणण्याआधी करायच्या गोष्टी.

जे गेलं तर रडू येईल ते सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. “सगळं क्लाउडवर आहे” हे पुरेसं नाही. जे नुसतं जुळवून ठेवलेलं असतं, ते इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं.

नवं विंडोजचं यंत्र असेल तर त्याची डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. २०२४ च्या आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नव्याने सुरू केलेल्या यंत्रांवर हे सर्रास होतं. त्या कुलपाची ४८ अंकी किल्ली आपल्या खात्यात सापडते. ती कागदावर उतरवून गॅसच्या पुस्तकाशेजारी ठेवा. किल्ली हरवली तर मात्र माझं वरचं सगळं तत्त्वज्ञान फोल. तांदूळ आहेत, पण डबा उघडत नाही.

उबंटूसारखं लिनक्स घातलेला एक १६ जीबीचा पेनड्राइव्ह घरात असू द्या. यंत्र स्वतःच्या डिस्कवरून उठेना झालं, तरी या पेनड्राइव्हवरून उठवता येतं आणि फाइली बाहेरच्या डिस्कवर काढून घेता येतात. हे मला फोनवर सांगता येईल, रात्री दहापर्यंत.

आणि एवढं करूनही दुकानात जायची वेळ आलीच, तर ‘डेटा’ हा शब्द तोंडातून काढू नका. नावं घेऊन सांगा. अमक्याच्या लग्नाचे फोटो आहेत, तमक्यांचं लिखाण आहे, ते आधी काढून द्या, दाखवा आणि मगच पुढचं काय ते करा. यंत्र दोन दिवस जास्त राहिलं तरी चालेल म्हणा. तो मुलगा ऐकतो. त्यालाही आजोबा असतात.

यंत्राचं काय, ते आज ना उद्या बदलायचंच असतं. आतलं तेवढं आपलं.