हृदय थांबण्याआधी ठरवायचे

हृदय बंद पडले की चार-पाच मिनिटांत मेंदूला कायमची इजा व्हायला लागते. तेवढ्यात ड्यूटीवरचा डॉक्टर कोणाला विचारणार? केसपेपरवर काही लिहिलेले नसेल तर तो सीपीआर सुरू करतो, आणि त्याने तेच करायला हवे. म्हणूनच वय झालेल्या, विशेषतः जुनाट आजार असलेल्या माणसाने आपल्याला हे हवे की नको, ते शुद्धीवर असतानाच ठरवून घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगून ठेवले पाहिजे. सीपीआर म्हणजे मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दोन इंच खोल दाबणे. म्हातारपणी ठिसूळ झालेल्या बरगड्या त्यात अनेकदा मोडतात. हृदय पुन्हा चालू झाले तरी पुढे बहुधा घशात नळी, व्हेंटिलेटर आणि आयसीयू असते. अमेरिकेत ६५ वर्षांवरील ज्या रुग्णांना रुग्णालयात सीपीआर दिला गेला, त्यांच्यापैकी सुमारे १८ टक्केच जिवंत बाहेर पडले, असे २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले. नव्वदीपुढे हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास होते. एरवी ठणठणीत माणसाचे हृदय अचानक हार्ट अटॅकने थांबले तर या उपचाराने आयुष्य परत मिळू शकते. शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगात मात्र तशी आशा फार थोडी. म्हणून सरसकट ‘नको’ म्हणा, असे माझे म्हणणे नाही. आपल्या आजारात त्यातून काय साधेल, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली आणि २०२३मध्ये तिची प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पण तेवढ्यावर विसंबून चालणार नाही. त्या कागदाची अंमलबजावणी दोन वैद्यकीय मंडळांच्या संमतीने होते आणि त्यांना प्रत्येकी ४८ तासांची मुदत सुचवली आहे. थांबलेले हृदय तेवढी वाट पाहत नाही. त्यासाठी ‘सीपीआर देऊ नये’ ही नोंद आधीच केसपेपरवर हवी, आणि ती कशी करावी याची मार्गदर्शक तत्त्वे आयसीएमआरने २०२०मध्येच दिली आहेत. अशा नोंदीनंतर डॉक्टर दुर्लक्ष करतील ही भीती खरी आहे, पण नोंद फक्त सीपीआरपुरती असते. सलाईन, अँटिबायोटिक, वेदनाशमन, शुश्रूषा सगळे चालूच राहते. इस्टेटीवर डोळा ठेवून नातेवाईक याचा गैरफायदा घेतील, असेही म्हणतात. उलट म्हाताऱ्याने स्वतः काहीच सांगितले नसेल, तरच सगळी सूत्रे त्यांच्या हाती जातात. मत बदलले तर कागदही बदलता येतो. राहिला ‘अभद्र बोलू नका’ हा घरोघरचा आक्षेप. त्यामागे माया असते, हे मान्य. पण त्या मौनाचे ओझे रात्री दोन वाजता आयसीयूच्या दाराशी, हातात फॉर्म घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीवर पडते. आईला काय हवे होते, हे तिला कोणी कधी विचारूच दिलेले नसते. भरती करताना रुग्णालये कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते न चुकता विचारतात. गंभीर आजारी वृद्धांना त्याच वेळी, सवड काढून, हाही प्रश्न विचारणे त्यांना बंधनकारक करावे.