वाळू रिकामी नसते
सदर : भरती-ओहोटी
किनारेकर

मुलांनो, शंखशिंपल्यांच्या दुकानात कधीकधी एक पांढरी, चपटी, गोल चकती दिसते. तिच्या पाठीवर पाच पाकळ्यांचं फूल कोरलेलं असतं. हा कसला शिंपला, असं तुम्ही विचारता. ‘सँड डॉलर’ एवढं उत्तर मिळतं आणि विषय तिथेच संपतो. मला याचं फार वाईट वाटतं. ती चकती म्हणजे एका प्राण्याचा सांगाडा आहे. प्राणी मेला, काटे गळाले, उन्हानं रंग उडाला, की एवढंच उरतं. त्याच्या आयुष्यातलं जे खरंखुरं नवल आहे, ते सगळं त्याआधी वाळूत घडून गेलेलं असतं.

सँड डॉलर हा सी अर्चिनचा जवळचा आणि तारामाशाचा लांबचा भाऊबंद. त्याच्या पुष्कळ जाती आहेत. आज मी एकीचीच गोष्ट सांगणार आहे, कारण शास्त्रज्ञांनी तिचा मनापासून पाठपुरावा केला आहे. तिचं नाव डेंड्रास्टर एक्सेंट्रिकस. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, अलास्कापासून खाली मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत ती राहते. जिवंतपणी ती जांभळट असते आणि अंगभर बारीक, आखूड काटे असतात. हे काटे सतत हलत असतात. त्यांच्या जोरावरच ती सरकते आणि वाळूत घुसते.

पाठीवरचं फूल शोभेचं नाही. त्या पाकळ्यांमधल्या बारीक छिद्रांतून पातळ नळीपाय बाहेर येतात आणि पाण्यातला प्राणवायू घेतात. या जातीत ते फूल मधोमध नसतं, मागच्या कडेकडे सरकलेलं असतं. ती उभी कशी राहते ते पाहिलं की त्याचं कारण कळतं. तोंड पोटाच्या बाजूला असतं, त्यात पाच दात. वाळलेली चकती हलवली की आत काहीतरी खुळखुळतं, ते बहुधा याच जबड्याचे सुटलेले तुकडे असतात.

पाणी संथपणे वाहत असलं, की हे सँड डॉलर पुढची कड वाळूत रोवून उभे राहतात. ताटाळ्यात ताटं लावावीत तसे एकापाठोपाठ एक, चौरस मीटरभर जागेत शेकड्यांनी. श्वास घेणारं फूल मागच्या कडेला असल्यामुळे वाळूच्या वर, मोकळ्या पाण्यात राहतं. वाहत्या पाण्यातून येणारे सूक्ष्म जीव आणि शेवाळाचे कण ते पकडतात आणि तोंडाकडे सरकवतात. लाटा खवळल्या, की सगळे आडवे होतात किंवा वाळूत गाडून घेतात.

आता पिल्लांकडे येऊ. माझ्या मते या गोष्टीचा गाभा तिथेच आहे.

अंड्यातून निघालेलं पिल्लू आईबापांसारखं मुळीच दिसत नाही. ते पारदर्शक असतं, त्याला लांब हातांसारखे अवयव असतात आणि ते काही आठवडे पाण्यात तरंगत राहतं. मासे त्याला मटकावतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात फ्रायडे हार्बर इथे समुद्रजीवनाची प्रयोगशाळा आहे. तिथे डॉन व्हॉन आणि रिचर्ड स्ट्रॅथमन यांनी अवघ्या चार दिवसांची पिल्लं माशांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव मिसळलेल्या पाण्यात ठेवली. पिल्लांनी स्वतःचे तुकडे पाडले आणि एकाची दोन झाली! प्रत्येक पिल्लू आधीपेक्षा लहान झालं, म्हणजे माशाच्या नजरेला पडणं अवघड झालं. हे संशोधन २००८ साली प्रसिद्ध झालं. या पिल्लाला मेंदू नाही, तरी धोका कळतो.

मग तळाला उतरायची वेळ येते. समुद्राचा तळ अफाट पसरलेला, पण पिल्लू कुठेही उतरत नाही. मोठे सँड डॉलर ज्या वाळूत राहतात, त्या वाळूत त्यांच्या अंगातलं एक रसायन मिसळलेलं असतं. त्याची चाहूल लागली, की पिल्लू तिथे उतरतं आणि रूप बदलून इवलीशी चकती होतं. ही जागा सुरक्षित असते, कारण मोठ्यांच्या सततच्या हालचालीनं वाळू ढवळली जाते. अशा वाळूत नळ्या बांधून राहणाऱ्या आणि कोवळी पिल्लं खाणाऱ्या चिमुकल्या कवचधारी प्राण्यांना बस्तान बसवता येत नाही. वडीलधारे नुसते वावरतात आणि त्यातून बाळांसाठी घर तयार होतं.

तरी एक संकट उरतंच. एवढंसं पिल्लू पाण्याच्या ओढीनं वाहून जाईल. म्हणून ते वाळूचे कण गिळतं. तेही निवडून, लोहयुक्त असे जड कण. आतड्याच्या एका पिशवीत ते साठवून ठेवतं आणि त्या वजनावर तळाला टिकून राहतं. पुरेसं मोठं झाल्यावर या वजनाची गरज उरत नाही.

हे सगळं वाचून मला एकच गोष्ट जोरात म्हणावीशी वाटते. प्रवाळ जपायला हवेत, खारफुटी जपायला हवी, हे आता आपल्याला पटू लागलं आहे. वाळू मात्र आपल्याला मोकळं मैदान वाटते. कोकणात सुट्टीच्या दिवसांत ओल्या वाळूवरून गाड्या पळवणारी मोठी माणसं तुम्ही पाहिली असतील. त्या चाकांखाली काही नाही, असं त्यांना खरोखरच वाटत असतं. पण भारताच्या किनाऱ्यालगतही सँड डॉलरच्या जाती आहेत. त्यांतल्या एकीला, एकिनोडिस्कस ऑरिटसला, मागच्या कडेला दोन उघड्या खाचा असतात. त्याच वाळूत खेकडे, शिंपले आणि किडेही राहतात.

म्हणून पुढच्या वेळी किनाऱ्यावर गेलात आणि बाबा गाडी थेट पाण्यापर्यंत न्यायला निघाले, तर त्यांना वरच थांबवा. चालत जा. ओल्या वाळूत काळपट, केसाळ अंगाची चकती दिसली, तर तिचे काटे हलतात का ते वाकून बघा. हलत असतील तर ती अलगद उचलून जवळच्याच उथळ पाण्यात, वाळूवर ठेवा. दुकानातली चकती मात्र विकत घेऊ नका. तिच्यासाठी कुणी तरी अशीच एखादी जिवंत चकती उन्हात वाळत घातलेली असू शकते.