आधी एक पूर्ण सुनावणी

पुण्यात नगर रस्त्यावरच्या वाघोलीत परदेशी विद्यार्थ्याला खोली भाड्याने द्यायची, तर घरमालकाने 24 तासांत ठरलेला फॉर्म भरून कळवायचे असते. पण शिक्षण संपले, व्हिसाची मुदत उलटली आणि तोवर मायदेशात युद्ध पेटले, तर त्या विद्यार्थ्याने कोणाकडे दाद मागायची? त्यासाठी कुठलाही फॉर्म नाही.

2024 मध्ये हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. 2014 साली विद्यार्थी व्हिसावर भारतात आलेला एक येमेनी नागरिक मुदत संपल्यावरही कुटुंबासह पुण्यात राहत होता. संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित ओळखपत्र त्याच्याकडे होते. पुणे पोलिसांनी देश सोडण्याची नोटीस बजावल्यावर, ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मिळेपर्यंत राहू द्या, अशी त्याची विनंती होती. भारताच्या उदारपणाचा गैरफायदा घेऊ नका, पाकिस्तानात किंवा आखाती देशांत जा, असे खंडपीठाने तोंडी सुनावले. याच न्यायालयाने 1994 मध्ये मात्र संयुक्त राष्ट्रांनी निर्वासित मानलेल्या एका इराण्याला इराणला परत पाठवता येणार नाही, असे म्हटले होते.

सरकारची बाजू कच्ची नाही. परकीयांना देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 1955 च्या हान्स म्युलर खटल्यापासून मान्य केला आहे. अनुच्छेद 21 चे संरक्षण परकीयालाही आहे, पण भारतात वास्तव्याचा हक्क त्याला नाही, हेही 1991 मध्ये स्पष्ट झाले. शिवाय एक अर्ज फेटाळला की वकील बदलून तोच दावा पुन्हा आणायचा, विमानाची वेळ जवळ आली की स्थगिती मागायची, हा प्रकार जगभर दिसतो. त्यात न्यायालयाचा वेळ जातोच. खऱ्या पीडितांकडेही मग संशयाने पाहिले जाते.

ब्रिटनने यावर उपाय केले. आधीच्या दाव्याहून ठोस वेगळे काही असेल, तरच तिथे नवा दावा मानला जातो. ऐन वेळी पोकळ अर्ज करणाऱ्या वकिलांना 2012 पासून न्यायालय थेट जाब विचारते. 2022 मध्ये संसदेने न्यायालयीन पुनर्विलोकनाची एक वाटही बंद केली. त्या वाटेने यश मिळण्याचे प्रमाण जेमतेम 0.22 टक्के आहे, असा अहवाल आधी आला होता. पुढे तो आकडा सुमारे 3 टक्क्यांवर गेला. ज्या दाव्यात चुकीच्या निकालाची किंमत जिवाने मोजावी लागू शकते, तिथे हा फरक किरकोळ म्हणता येणार नाही.

आपल्याकडेही साधने आहेत. एकदा गुणवत्तेवर निकाल लागलेली रिट याचिका पुन्हा आणता येत नाही, हे 1961 च्या दर्याव खटल्यात ठरले. खोडसाळ दावेबाजी रोखणारा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा 1971 पासून आहे. तरी ब्रिटनचे अनुकरण येथे जसेच्या तसे करता येणार नाही. तिथे दाव्यावर अधिकारी निर्णय देतो, त्यावर न्यायाधिकरणात अपील होते आणि मग वरचे न्यायालय येते. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आश्रयाचा कायदा नाही आणि संयुक्त राष्ट्रांचे ओळखपत्र सरकारवर बंधनकारक नाही. त्यामुळे ‘तुला परत पाठवले तर काय होईल?’ हे येमेनी माणसाला विचारले जाण्याची पहिली जागाही अनेकदा उच्च न्यायालयच असते. 2025 च्या इमिग्रेशन आणि परकीय कायद्यानेही ही उणीव भरून काढली नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. दावा ऐकणारा सक्षम अधिकारी कायद्याने नेमावा. त्याने दुभाष्याच्या मदतीने म्हणणे ऐकून कारणांसह लेखी निर्णय द्यावा. त्यावर एक अपील असावे. त्यानंतर मात्र मायदेशातील परिस्थिती बदलल्याशिवाय किंवा नवा पुरावा हाती आल्याशिवाय दुसरी याचिका दाखल करून घेऊ नये. जाणूनबुजून तीच याचिका पुन्हा आणणाऱ्या वकिलावर खर्चाचा बोजा टाकावा. बेकायदा डांबलेल्याची हेबियस कॉर्पस याचिका तेवढी सदैव खुली राहावी.

कायदा होईपर्यंत, देश सोडण्याची नोटीस बजावण्याआधी असा लेखी निर्णय द्या, एवढा निर्देश उच्च न्यायालय आजही देऊ शकते. पहिला दावा नीट ऐकणाऱ्या व्यवस्थेलाच दुसरा दावा नाकारण्याचा नैतिक अधिकार असतो.