विकत घेतलेलें आत्मचरित्र

व्यापारव्यवस्थापनाच्या नामांकित विद्यालयांत प्रवेश मिळविण्यासाठीं हल्लीं नुसते गुण पुरत नाहींत. सोबत आत्मचरित्रहि जोडावें लागतें. हैदराबादेस २००१ सालीं सुरू झालेली इंडियन स्कूल ऑफ बिझनेस असो वा सातासमुद्रांपलीकडचें स्टॅनफर्ड असो, उमेदवारानें कांहींशें शब्दांत आपलें अंतःकरण उघडून दाखवावें अशी अपेक्षा असते. तुला सर्वांत महत्त्वाचें काय वाटतें आणि कां, हा स्टॅनफर्डचा प्रश्न तर प्रसिद्धच आहे. प्रश्न उत्तम आहे. पंचविशींतल्या तरुणानें त्यापायीं चार रात्री जागून काढाव्या इतका उत्तम आहे. माझी तक्रार एवढीच कीं, त्याचें उत्तर आतां बाजारांत विकत मिळूं लागलें आहे आणि तें विकत घेणारे आईबाप आपणच, सुशिक्षित म्हणविणारे, आहोंत.

शुल्क भरलें कीं सल्लागार मुलाची मुलाखत घेतो आणि त्याच्या सुखवस्तु आयुष्यांत कोठें दुःख सांपडतें काय, तें धुंडाळतो. न सांपडल्यास आजोबांकडून उसनें आणतो. अभिप्रायासाठीं माझ्यापुढें आलेल्या निबंधांत, लासलगांवच्या बाजारांत कांद्याचा भाव कोसळल्यानें हताश झालेले आजोबा मला इतक्या वेळां भेटले आहेत कीं, ते साऱ्या नाशिक शहराचे सामायिक आजोबा असावेत असें वाटूं लागलें आहे. नातवाचें बालपण कॉलेज रोडवरच्या सदनिकेंत गेलेलें. कांद्याची चाळ त्यानें पाहिली ती मोटारीच्या खिडकींतून. तरीहि शेतकऱ्याचे अश्रू पुसण्यासाठींच त्याला वित्तशास्त्र शिकावयाचें असतें! ज्याच्या घरचा कांदा खरोखरच उकिरड्यावर गेला, त्या निफाडकडच्या मुलास मात्र आपलें दुःख हें भांडवल आहे याची वार्ताहि नसते. ‘वडील शेती करतात’ एवढें लिहून तो मोकळा होतो. दुसऱ्याची आपत्ति अशी आपल्या खात्यावर जमा करणें, ह्याला आमच्या लहानपणीं चोरी म्हणत.

ह्यावर उत्तर येतें, “सगळेच करतात. शिवाय गुणांच्या आंकड्यांत माणूस दिसत नाहीं, म्हणून तर हा निबंध आला ना?” दुसरें विधान अंशतः खरें आहे, पण ‘माणूस पाहण्या’चा इतिहासहि तितकासा सोज्वळ नाहीं. हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनीं १९२२ सालीं ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालूं पाहिली. तें उघडपणें साधेना, तेव्हां १९२६ पासून चारित्र्य व व्यक्तिमत्त्व यांच्या परीक्षेस महत्त्व देऊन तेंच काम आडमार्गानें करण्यांत आलें. म्हणजे ही कसोटी मुळांतच वांकविण्याजोगी आहे. तींत निबंधहि विकतचा आला, म्हणजे परीक्षा होते ती बापाच्या थैलीची. आणि आतां तर यंत्रच चार क्षणांत आजोबा घडवून देतें. वांचतें तें फक्त सल्लागाराचें शुल्क.

दोष सगळा मुलांचा नाहीं. नदीचें आत्मवृत्त आणि फाटक्या छत्रीचें मनोगत दहा वर्षें घोकून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास स्वतःचें मनोगत आम्हीं शिक्षकांनीं कधीं विचारलें? आणि तेंहि कोठें, तर ज्या भूमींत लक्ष्मीबाई टिळक जन्मल्या तेथें! जलालपूर येथून हाकेच्या अंतरावर आहे. १९३४ सालीं ‘स्मृतिचित्रें’चा पहिला भाग निघाला. शाळेचें तोंड न पाहिलेल्या ह्या बाईनें वडिलांचें विलक्षण सोवळें, पतीचा तापट स्वभाव, स्वतःची फजिती, सारें हंसत हंसत सांगितलें आणि वाचकाकडे दयेची याचना कोठेंहि केली नाहीं. तिला कोठें प्रवेश मिळवावयाचा नव्हता, हें खरें. परंतु खरें लिहिलेलें कसें ओळखूं येतें, हें त्या पुस्तकाच्या कोणत्याहि पानावरून आमच्या मुलांस दाखवितां आलें असतें.

“खरें लिहिलें आणि प्रवेश हुकला तर?” असें पालक विचारतात. हुकेलहि. पुढल्या वर्षीं पुन्हां अर्ज करतां येतो. माझ्याकडे निबंध घेऊन येणाऱ्यांचें व्याकरण मी आनंदानें तपासून देतों. मात्र त्यापूर्वीं, ह्यांतला कोणता प्रसंग तूं स्वतः पाहिलास, एवढें विचारतों, आणि बाकीच्या मजकुरावर रेघ ओढतों.