आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. कुठल्या कंपनीशी नाही, एका वाक्याशी. "आजी, तुमचा प्लॅन छोटा आहे. मोठा घ्या, सगळं फास्ट होईल." महाडात, बिरवाडीत, पोलादपुरात माझ्या वयाच्या ज्या ज्या घरी इंटरनेटची तार आली आहे तिथे हे वाक्य पोचलेलं आहे, आणि पुष्कळांनी ते ऐकून निमूटपणे पैसेही भरले आहेत. आमच्या पोलादपूरच्या जाऊबाईंनी ४० चा प्लॅन १०० चा करून घेतला. पान उघडायच्या आधी टकामका बघत बसावं लागतं ते अजून तसंच आहे. फक्त आता टकामका बघायचे पैसे जास्त पडतात :-)

नव्या वाचकांसाठी सांगते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या कपाटात नातवाचा एक जुना संगणक लिनक्स घालून रात्रंदिवस चालू असतो. तो आमचा घरचा सर्व्हर. हौस म्हणून ठेवलेला नाही. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी गावात शिरलं तेव्हा तळमजल्यावरची किती कपाटं, ट्रंका गेल्या हे महाडकरांना सांगायला नको. नात्यातल्या लोकांचे लग्नाचे अल्बम, गुणपत्रिका, सातबारे यांचा अक्षरशः लगदा झाला. जे उरलं ते आम्ही वाळवून, सरळ करून स्कॅन केलं आणि त्या डब्यात ठेवलं. रोज रात्री त्याची एक प्रत पुण्याला भाच्याच्या घरी जाते. पूर आला तरी निदान पुण्याला येणार नाही एवढ्यासाठी.

तर गेल्या वर्षी ही प्रत जायला रखडू लागली. एकेक फाइल पाठवायची म्हणजे सर्व्हर भाच्याच्या घराचं नाव शोधणार, पाच सेकंद गप्प, मग काम. पुन्हा पुढची फाइल, पुन्हा पाच सेकंद गप्प. शेवटी पहाट झाली तरी प्रत अर्धीच. शेजारच्या खोलीतल्या लॅपटॉपवरून सर्व्हरमध्ये शिरायलाही तेवढाच वेळ. यावर मिळालेला सल्ला तुम्ही ओळखलाच असेल. प्लॅन छोटा आहे.

आता शाळेतलं गणित करू. मोठा प्लॅन म्हणजे रुंद नळ. पण नाव विचारायला जाणारी चिठ्ठी केवढी असते? मूळ नियमाप्रमाणे ५१२ बाइट्सच्या आत, म्हणजे ४०९६ बिट. ४० च्या प्लॅनमध्ये सेकंदाला चार कोटी बिट जातात. म्हणजे ती चिठ्ठी नळातून बाहेर पडायला सेकंदाचा दहा हजारावा भाग लागतो. १०० चा प्लॅन घेतला तर त्याहून कमी. वाचलं काय? डोळ्याची पापणीही हलणार नाही एवढं. पाच सेकंदांच्या दुखण्यावर हे औषध! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच.

नाव विचारणं म्हणजे काय, हेही आपल्या लोकांना कोणी नीट सांगत नाही. संगणकांना नावं कळत नाहीत, आकडे कळतात. पूर्वी जगातल्या सगळ्या जोडलेल्या संगणकांची नावं आणि आकडे एकाच यादीत असत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांची मंडळी ती यादी ठेवत आणि बाकीचे ती उतरवून घेत. अख्ख्या शाळेला एकच हजेरीपट म्हणा ना. पट फुगला, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी वर्गवार पट करायची योजना काढली, तीच आज चालते. पोलादपूरच्या एसटी स्टँडवर उतरून तुम्ही उमरठच्या एखाद्या वाडीतलं घर विचारलंत, तर स्टँडवरचा माणूस घर सांगणार नाही. उमरठला जा म्हणेल. उमरठात वाडी दाखवतील आणि वाडीत घर. इथेही तसंच. सर्वात वरती तेरा नावांचे मूळ सर्व्हर (त्यांच्या प्रती जगभर आहेत, मुंबईतही आहेत), ते '.इन'वाल्यांकडे बोट दाखवतात. '.इन'ची वही निक्सी ही आपली भारतीय संस्था सांभाळते. ती पुढच्याकडे बोट दाखवते. ही सगळी पायपीट आपल्यासाठी जो करतो त्याला रिझॉल्व्हर म्हणतात. मी त्याला वाटाड्या म्हणते. साधारणपणे हा वाटाड्या तार देणाऱ्या कंपनीचा असतो आणि त्याचा पत्ता आपल्या राऊटरमध्ये लिहिलेला असतो.

आणि इथेच खरी गोम. उशीर जर कधी दोन, कधी सात, कधी तीन सेकंद असा झाला असता तर मी म्हटलं असतं, बाबा, रस्त्यात गर्दी असेल. पण दर वेळी नेमके पाच? लिनक्सची जुनी, साधी पद्धत अशी आहे की यादीतल्या पहिल्या वाटाड्याला विचारायचं, पाच सेकंद वाट बघायची, उत्तर नाही आलं तर दुसऱ्याला विचारायचं. पुढच्या नावाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, कारण आधीचा अनुभव लक्षात ठेवायची सोयच तिच्यात नाही. (असे विद्यार्थी मी तीस वर्षं पाहिलेत.) म्हणजे पाच हा आकडा पाहिला की पहिला वाटाड्या मुका आहे असा संशय घ्यायचा.

तपासायला 'डिग' नावाची आज्ञा आहे, फुकट आहे. यादीतल्या प्रत्येक पत्त्याला नाव घेऊन वेगवेगळं विचारायचं. एकत्र विचारलं तर ती फक्त उत्तर देणाऱ्याचा वेळ दाखवते, मुक्याचा झाकून जातो. दुसऱ्या पत्त्याने १४ मिलिसेकंदांत उत्तर दिलं. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. पहिला गप्पच.

तो पहिला पत्ता कोणाचा होता सांगू? आमच्या आधीच्या कंपनीचा. तार बदलून द्यायला आलेल्या माणसाने नव्या डब्यात जुन्या डब्यावरून सगळं उतरवून घेतलं होतं. कॉपी केली, तीही चुकांसकट! कंपन्यांचे वाटाडे आपापल्या ग्राहकांनाच उत्तर देतात. ते रास्तही आहे, कारण कोणालाही उत्तर देणाऱ्या वाटाड्याचा गैरवापर करून तिसऱ्यावरच हल्ले करता येतात. पण 'तू आमचा नाहीस' असं त्याने तोंडावर सांगितलं असतं तर सर्व्हर लगेच दुसऱ्याकडे वळला असता. तो काहीच बोलत नव्हता. त्यामुळे पाच सेकंद दार ठोठावणं आलं. तो एक पत्ता खोडला आणि त्या रात्रीची प्रत दिवे मालवायच्या आत पुण्याला पोचली. खर्च शून्य रुपये. (ती पाच सेकंदांची मुदत कमी करून एक सेकंदही करता येते. पण मुका वाटाड्या तसाच ठेवून मुदत कमी करणं म्हणजे गळक्या छपराखाली छोटं पातेलं ठेवणं.)

शेजारच्या खोलीतला उशीरही त्याच माळेतला. काही सर्व्हर आत येणाऱ्याला उलटं विचारतात की हा आकडा कोणाच्या नावावर आहे? आपल्या घरातले आकडे बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. ते घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले आहेत आणि लाखो घरांत तेच ते असतात. त्यांचं नाव बाहेरचा कोण सांगणार? आपल्या ओटीवर कोण बसलंय हे मुंबईला पत्र टाकून विचारण्यातला प्रकार. ओपनएसएसएचने २०१५ पासून हे उलटं विचारणं आपणहून करणं बंद केलं, पण आमचा डबा जुना. घरातल्या पाच यंत्रांची नावं घरच्याच यादीत लिहून टाकली आणि विषय संपला.

आता दुसऱ्या पंथाशी भांडण. "आठ आठ आठ आठ टाका, झालं!" हा गूगलचा वाटाड्या, डिसेंबर २००९ पासूनचा. क्लाउडफ्लेअरचा एक एक एक एक एप्रिल २०१८ पासून आला. दोन्ही चांगले आहेत आणि तपासणीसाठी मीही वापरते. तो घातल्यावर उशीर गेला तर दोष तुमच्या वाटाड्यात होता हे कळतं. पण कळल्यावर तो तिथेच कायमचा ठेवून द्यायचा? आपण दिवसभरात कुठल्या कुठल्या नावांची विचारणा करतो, म्हणजे कुठली बँक, कुठलं इस्पितळ, कुठल्या औषधाचं दुकान, हा घराचा रोजनामा आहे. गूगल म्हणतं की आम्ही पूर्ण पत्ता एकदोन दिवसांत पुसतो. पुसत असतील. तार देणारी कंपनीही हेच पाहू शकते, हेही मान्य. तरीसुद्धा कोणी तरी सांगितलं म्हणून रोजनामा उचलून तिसऱ्याच्या हाती देणं मला पटत नाही.

त्यापेक्षा वाटाड्या घरीच ठेवा. 'अनबाउंड' नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, जुन्या डब्यावरही हलका चालतो. पहिल्यांदा एखादं नाव विचारलं की तो स्वतः स्टँडपासून वाडीपर्यंत चालत जातो, त्यामुळे पहिलं उत्तर कधी कधी कंपनीपेक्षा सावकाश येतं. हे खरं आहे, लपवत नाही. पण प्रत्येक उत्तरावर ते किती सेकंद ग्राह्य धरायचं हे लिहिलेलं असतं. तेवढा वेळ तो ते लक्षात ठेवतो आणि दुसऱ्यांदा विचारलं की डिगच्या खाली शून्य मिलिसेकंद उमटतात.

आणि वेग हा यातला लहान फायदा. आपण कोकणातली माणसं. पावसाळ्यात दरड येते, महामार्गाच्या खोदाईत तार तुटते, वीज जाते. वीज परत आली पण बाहेरची तार मेलेली, अशा दिवशी काय होतं? घरच्या सर्व्हरचं नाव बाहेरच्या वाटाड्याला विचारायची सवय असेल तर कपाटातला सर्व्हर चालू असून, दोन भिंतींपलीकडे असून, सापडत नाही! सातबारा आपल्याच घरात आणि घराचा पत्ता सांगणारा मुंबईत. पूर ओसरल्यावर पंचनाम्याला कागद मागतात तेव्हा हा विनोद राहत नाही. घरचा वाटाड्या असेल तर घरची नावं तार तुटली तरी सापडतात. फक्त त्या नावांना '.लोकल' असं शेपूट लावू नका, ते दुसऱ्याच पद्धतीसाठी राखलेलं आहे आणि त्याने नवे घोळ होतात. 'होम.आर्पा' हे शेपूट २०१८ पासून खास घरांसाठी ठेवलेलं आहे.

राहिलं "तुम्हाला नाही कळायचं, नातवाला विचारा" हे. अहो, ज्यांनी ट्रंककॉल लावून चार चार तास वाट पाहिली त्यांना वाट बघणं आणि काम सावकाश होणं यातला फरक कळणार नाही तर कोणाला कळेल? यात न कळण्यासारखं आहे काय? एक यादी, त्यातला एक मुका, आणि पाच सेकंद. नातवाला मी विचारलं होतं. तो म्हणाला, "आजी, मोठा प्लॅन घे."

जाऊबाईंच्या घरची यादी मी श्रावणात पोलादपूरला जाईन तेव्हा बघणार आहे. तोवर त्यांनी कोणाला पैसे देऊ नयेत. बाकी नातेवाइकांपैकी कोणाला राऊटरमधले दोन पत्ते वाचायचे असतील त्यांनी रविवारी सकाळी फोन करा. दुपारी करू नका, मी झोपते.