समजून घ्या : ‘व्रत’ वेगळं, ‘वचन’ वेगळं, ऑर्डर ऑफ माल्टामध्ये खुर्ची कोणाला मिळते?

लोहारा (यवतमाळ), डिजिटल डेस्क : रोनाल्डोच्या पोर्तुगाल जर्सीवरच्या बोधचिन्हात लाल क्रॉस आहे. तो ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ या कॅथलिक नाइट संघाचा. हेच चिन्ह शिडांवर घेऊन पोर्तुगीज जहाजं भारतात आली, पुढे गोवा त्यांच्या ताब्यात गेला. 1319 मध्ये स्थापन झालेल्या या संघातले नाइट सुरुवातीला लढवय्येही होते आणि व्रतस्थही. 1496 मध्ये पोपनी त्यांना लग्नाची मुभा दिली, 1551 मध्ये प्रमुखपद कायमचं राजाकडे गेलं. नाइटपद मग दरबारी मानाची गोष्ट बनलं.

‘ऑर्डर ऑफ माल्टा’मध्ये मात्र व्रतं आजही खरीखुरी आहेत. मुख्यालय रोममध्ये, सदस्य सुमारे 13,500. स्वतःचा प्रदेश नाही, तरी 110 हून अधिक देशांशी राजनैतिक संबंध!

सदस्यांचे वर्ग तीन. पहिल्या वर्गातले दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाचं व्रत घेतात. त्यांच्या नावाआधी ‘फ्रा’ लागतं. या वर्गातले नाइट फक्त पुरुष. दुसरा वर्ग संसारी, पण आज्ञापालनाचं वचन दिलेला. तिसऱ्या वर्गाला व्रतही नाही, वचनही नाही. आपल्याकडे महानुभाव पंथात संन्यासी आणि वासनिक असा भेद आहे, तसंच काहीसं. फक्त इथे मध्ये आणखी एक पायरी.

ही पायरी किती नाजूक आहे, ते डिसेंबर 2016 मध्ये दिसलं. म्यानमारमधल्या मदतकार्यात कंडोम वाटल्याचा वाद पेटला. ग्रँड मास्टर फ्रा मॅथ्यू फेस्टिंग यांनी ग्रँड चॅन्सेलर अल्ब्रेख्त फॉन बोझेलागर यांना वचनाची आठवण देऊन राजीनामा मागितला. बोझेलागर दुसऱ्या वर्गातले. त्यांनी चक्क नकार दिला, म्हणून त्यांना हटवलं. व्हॅटिकननं चौकशी लावली, तेव्हा फेस्टिंग यांनी ‘आम्ही सार्वभौम आहोत’ म्हणत सहकार्य नाकारलं. पण जानेवारी 2017 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांचाच राजीनामा मागितला आणि त्यांनी तो दिला. बोझेलागर पदावर परतले.

सप्टेंबर 2022 मध्ये पोपनी नवी घटनाच लागू केली. ग्रँड मास्टरसाठी उमराव घराण्याची अट गेली, तहहयात पदाऐवजी 10 वर्षांची मुदत आली. मे 2023 मध्ये कॅनडाचे वकील फ्रा जॉन डनलप निवडून आले. सर्वोच्च पदासाठी व्रतस्थ असण्याची अट मात्र कायम आहे. त्यामुळे हजारो सदस्यांच्या संघटनेचा प्रमुख आजही पहिल्या वर्गातल्या मूठभर लोकांमधूनच निवडला जातो.